मातीचे पैसे

बेलापूर, ता. श्रीरामपूर
६ जुलै २०२५

आदरणीय जेम्स सर,

सप्रेम सलाम.

आपण फोन उचलत नाही, म्हणून पत्र लिहीत आहे. आपल्या मुलाच्या घरचा पिंपरीचा पत्ता पाळकसाहेबांकडून घेतला.

मरियमबाईंच्या कबरीच्या दगडाचे काम थांबलेले नाही, एवढेच कळवायचे होते. आपण जूनमध्ये माझ्या खात्यावर पाठवलेले बावीस हजार रुपये मिळाले. श्रीरामपूरच्या दुकानात काळा ग्रॅनाईट पाहून ठेवला आहे. त्यात एक पांढरी रेघ आहे, पण ती मागच्या बाजूला घेता येईल. आपण निवडलेल्या बायबलच्या वचनाचा नमुना कागदावर काढून सोबत जोडला आहे. अक्षरे लहान वाटली तर सांगा, ओळ मोडून मोठी करता येतील.

बँकेत थोडी अडचण आली आहे. किरकोळ आहे, एक-दोन आठवड्यांत सुटेल. जानेवारीत त्यांच्या वर्षाची प्रार्थना आहे, त्याच्या कितीतरी आधी दगड उभा राहील. आपण काळजी करू नये.

आईचा सलाम. तिचा गुडघा तसाच आहे.

आपला विद्यार्थी,
रॉबिन दानीएल वाघमारे


३ ऑगस्ट २०२५

आदरणीय सर,

सलाम.

आज चर्चमध्ये उपासनेनंतर पंचांनी मला थांबायला सांगितले. मला वाटले, कबरस्तानाच्या फाटकावर पाटी लावायची असेल. मी मोजमापाची टेप घेऊन आत गेलो. आणि पाळकसाहेबांनी आपले पत्र वाचून दाखवले.

दानीएलच्या मुलाने माझ्या पत्नीच्या कबरीचे पैसे खाल्ले काय, याची पंचांनी चौकशी करावी, असे आपण लिहिले आहे. आपण 'काय' घातले होते. ते खोलीत कोणाला ऐकू गेले नाही.

बन्सीभाऊ, म्हणजे आपल्या मंडळीचे खजिनदार, मला म्हणाले, "रॉबिन, खाल्लं असंल तर खाल्लं म्हन. तरणा हायेस, हातून व्हतं. हप्त्यानं दे."

मी म्हणालो, "मी नाही खाल्ले. बँकेने खाल्ले."

सर, सगळे हसले. बन्सीभाऊ म्हणाले, "बँकेला काय कमी हाय रं, तुझं खायाला?"

त्या खोलीत बसलेल्या प्रत्येकाच्या घरातले एक तरी नाव माझ्या वडिलांनी किंवा मी दगडात कोरलेले आहे. त्यात एक पैसा जास्त लावला असे कोणी म्हणू शकणार नाही. आणि बँकेचा काचेचा दरवाजा मात्र सगळ्यांना खरा वाटतो.

मागच्या पत्रात मी 'किरकोळ' लिहिले. ते खरे नव्हते. मला वाटले होते की पैसे परत मिळवीन आणि आपल्याला कळणारही नाही. आता सगळे लिहितो.

आमच्या वडिलांचा एक नियम होता. कबरीच्या दगडासाठी आलेल्या पैशांना ते मातीचे पैसे म्हणायचे, आणि ते घरखर्चाच्या पैशात मिसळू द्यायचे नाहीत. त्यांच्या वेळी एक वेगळा पत्र्याचा डबा होता. त्यातल्या पैशाने घरात मीठसुद्धा यायचे नाही. दगड उभा राहिला की मजुरी काढून घ्यायची, तोपर्यंत हात लावायचा नाही. मी तोच नियम पाळतो. माझे रोजचे खाते मोबाईलला जोडलेले आहे, त्यातून किराणा येतो, गॅस येतो. म्हणून आपल्याला मी दुसऱ्या, जुन्या खात्याचा नंबर दिला. ते शाळेत असताना शिष्यवृत्तीसाठी काढले होते. वर्षानुवर्षे पडून होते. मला वाटले, रिकामे आहे, म्हणजे स्वच्छ आहे.

ते रिकामे नव्हते सर. ते शून्याच्या खाली गेलेले होते.

आपले बावीस हजार जमा झाले आणि त्याच दिवशी बँकेने त्यातले सात हजार तीनशे कापून घेतले. मला काही विचारले नाही, आपल्याला तर नाहीच. राहिलेले चौदा हजार सातशे मी घाबरून दुसऱ्या दिवशी काढून आणले. ते पाकिटात आहेत. पाकीट आईच्या बायबलमध्ये नाही, कपाटात आहे, कारण बायबल कोणीही उचलते.

पंचांना मी पाकीट दाखवायला तयार होतो. कोणी बघायला मागितले नाही.

रॉबिन


१२ सप्टेंबर २०२५

आदरणीय सर,

सलाम.

आपले उत्तर आले नाही. तरी लिहितो, कारण हे कोणाला तरी नीट सांगितले पाहिजे आणि नीट ऐकायची सवय मला आपल्याच वर्गात लागली.

खाते शून्याखाली कसे गेले हे कळायला मला बँकेत पाच खेपा घालाव्या लागल्या. काउंटरवर शुभांगी मॅडम असतात. त्या वाईट नाहीत. त्यांनी पहिल्या दिवशी पडद्यावर पाहून सांगितले, "दादा, तुमच्या खात्याला ओव्हरड्राफ्ट लागलाय."

मी विचारले, "म्हणजे?"

"म्हणजे खात्यात पैसे नसले तरी बँक तुम्हाला दहा हजारांपर्यंत उसने देते. अडीअडचणीला."

"मी कधी मागितले?"

"सही आहे तुमची."

सही माझीच आहे. चार वर्षांपूर्वी दुकान टाकले तेव्हा बँकेचा माणूस आला होता. पैसे जमा झाले की बोलून सांगणारा डबा त्याने काउंटरवर ठेवला आणि चार पाने पुढे केली. इंग्रजी होती, मुंगीएवढ्या अक्षरात. मी माझे नाव बरोबर लिहिले आहे का ते दोनदा पाहिले आणि सही केली. त्या पानांनी माझे शाळेचे खाते, ज्यात एक रुपया नसला तरी चालत होते, बदलून दुसऱ्या जातीचे करून टाकले. त्यात किमान शिल्लक ठेवावी लागते. ती नसली की दंड.

डबा मी सहा महिन्यांत परत केला. दुसरा घेतला, त्याचा आवाज मोठा होता. मला वाटले, डबा गेला म्हणजे संबंध संपला.

संबंध संपला नव्हता. डब्याचे भाडे चालू राहिले. शिल्लक नाही म्हणून दंड लागला. दंड भरायला खात्यात पैसे नव्हते, तर बँकेने तो मला उसना दिला. माझ्या हातात नाही. स्वतःच स्वतःला दिला, माझ्या नावावर. मग त्या उसन्यावर व्याज लावले. व्याज भरले नाही म्हणून पुन्हा दंड, आणि तोही उसना. सर, मी त्या बँकेतून एक रुपया उचललेला नाही. त्यांनी मला कर्ज म्हणून फक्त त्यांचाच दंड दिला आणि त्याचे व्याज खाल्ले. मरियमबाईंच्या दगडातून.

"मला कळवले का नाही?" मी विचारले.

"मेसेज गेलेत ना दादा. दर महिन्याला. त्याचेही चार्जेस आहेत बघा, हे."

मेसेज माझ्या जुन्या नंबरवर जात होते. ते सिम बंद होऊन दोन वर्षे झाली. घरी येऊन मी त्या नंबरवर फोन लावला. कोपरगावच्या एका गृहस्थांनी उचलला. मी नाव सांगितले, तर ते म्हणाले, "आरं, तूच का तो रॉबिन? लई दिवसांपासून तुझं दिवाळं निघताना बघतोय. मी बायकोला वाचून दाखवायचो. ती म्हणायची, कोनाचं पोर हाय कुनास ठाऊक, सुधरना. आता बरा हायेस का?"

म्हणजे माझी पत कोपरगावात एका अनोळखी घरात दर महिन्याला जेवताना वाचली जात होती, आणि त्या वाचनाचे पैसे मी देत होतो.

मॅनेजर साहेबांना मी पाचव्या खेपेला भेटलो. त्यांनी मला बसा म्हटले नाही. मी म्हणालो, "साहेब, हे पैसे माझे नव्हते. कबरीचे होते."

ते म्हणाले, "खात्यात आले म्हणजे तुमचेच. पैशावर कोणाचं नाव लिहिलेलं नसतं."

माझा सगळा धंदा नाव लिहिण्याचा आहे. बाहेर येऊन गाडीला किक मारताना उत्तर सुचले, ते आपल्याला लिहिण्यासारखे नाही.

आई म्हणते, "अरं, भर की सात हजार तुझ्या पदरचं आन हो मोकळा. सरांचं तोंड गोड व्हईल." मी भरू शकलो असतो, उधार घेऊन का होईना. पण मी गुपचूप भरले तर पंच म्हणतील, बघा, खाल्ले होते म्हणून भरले. आणि बँकेचे तर काहीच गेले नाही. म्हणून भरले नाहीत. दगडाला उशीर होतो आहे तो यामुळे.

मरियमबाई दुकानात येऊन बसायच्या ते आपल्याला माहीत नसेल. रंग वाळायला ठेवलेले दगड वाचायच्या आणि वयावरून भांडायच्या. "हा कुठला ऐंशीचा? माझ्यापेक्षा धाकटा होता. पोरांनी मान वाढवायला लिहिलंय, खोड ते." त्या असत्या तर आपल्याला ते पत्र लिहू दिले नसते असे मला वाटते. हे लिहायला नको होते, पण पेनाने लिहिले आहे.

रॉबिन


१८ नोव्हेंबर २०२५

आदरणीय सर,

सलाम.

परवा हंगामाचा सण झाला. आपण नव्हता. आपण दरवर्षी उसाची मोळी आणायचा, या वर्षी ती जागा रिकामी होती.

अर्पणात आलेल्या वस्तूंचा लिलाव नेहमीसारखाच रंगला. एका कोंबडीवर बोली लागली, घेणाऱ्याने पैसे दिले आणि कोंबडी पुन्हा अर्पणात सोडली, ती दुसऱ्याने घेतली, त्यानेही सोडली. पाच वेळा एकच कोंबडी विकली गेली. चांगुणाबाई शेवटी म्हणाल्या, "बास करा रे, अंडं घालंल ती भीतीनं." तीच कोंबडी पुन्हा पुन्हा विकणे म्हणजे काय हे मला आता बँकेमुळे फार चांगले समजते. फरक इतकाच, की आपल्याकडे देणारा राजीखुशीने देतो.

सगळे हसत होते आणि पाळकसाहेब अचानक उभे राहिले. म्हणाले, "मरियमबाईंच्या दगडाला पैसे कमी पडत आहेत. कशामुळे, ते आज नको. यापुढची बोली त्यासाठी." मी भोपळ्यांच्या मागे उभा होतो. सगळ्या मानांनी मला शोधले. मला कोणी विचारले असते तर मी नको म्हणालो असतो. 'कशामुळे ते आज नको' याच्यापेक्षा त्यांनी मला चोर म्हटले असते तर बरे, त्याला निदान उत्तर देता येते.

पाच हजार जमले. मी बन्सीभाऊंना म्हणालो, माझ्याकडे देऊ नका, सरळ ग्रॅनाईटच्या दुकानात द्या.

ते म्हणाले, "तुझ्याकडं कोन देतंय? आन दुकानात रोख दिले तर उद्या माझ्यावर बोट. कसं, खात्यावर टाकलं की कागद ऱ्हातो."

मला वाटले, दुकानदाराच्या खात्यावर. बन्सीभाऊंनी आपल्या पत्राची प्रत काढली. त्यात आपण जूनमध्ये कोणत्या खात्यावर पैसे पाठवले तो नंबर लिहिला होता. दगडाचे खाते म्हणून कागदावर तोच नंबर होता, म्हणून काल सकाळी त्यांनी श्रीरामपूरला जाऊन पाच हजार त्याच खात्यावर भरले. चिठ्ठीवर शिक्का मारून घेतला आणि ती प्लास्टिकच्या पिशवीत घातली.

मी ते खाते बंद केले नव्हते. बंद करायचे तर ते बंद करण्याचे वेगळे पैसे मागत होते, आणि मी म्हणालो होतो, तुम्हाला आणखी एक रुपया देणार नाही. तेवढ्या महिन्यांत खाते पुन्हा खाली गेले होते.

दुपारी बन्सीभाऊ दुकानात आले. हेल्मेट काढले नाही.

"रॉबिन. मोबाईलवर दाव रं तुझं खातं."

बँकेच्या खेपांत ते खातेही मी मोबाईलला जोडून घेतले होते, ते दाखवले. त्यांनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला.

"तीन हजार दीडशेच दिसत्यात."

"हो."

"मी पाच भरले. शिक्का हाय माझ्याकडं."

"हो."

"मंग अठराशे पन्नास कुठं गेले?"

मी त्यांना स्टुलावर बसवले आणि चहा मागवला. मला हसू येत होते. मी म्हणालो, "भाऊ, खाल्ले असतील तर खाल्ले म्हणा. हातून होतं."

त्यांनी हेल्मेट काढले. मग म्हणाले, "आयला." चहा न पिता उठले, गाडी काढली, आणि मला म्हणाले, "बस मागं. देवाचं पैसं हायेत हे. त्यांच्या बापाचं न्हाईत."

साडेतीन महिने मी जे सांगत होतो ते त्यांना पाच मिनिटांत पटले, कारण या वेळी पैसे त्यांनी भरले होते. मागच्या सीटवर बसून मी याचाच विचार करत होतो. मला आनंद व्हायला हवा होता.

रॉबिन


२० डिसेंबर २०२५

सर,

सलाम.

मंडळीचे अठराशे पन्नास परत मिळाले. दुसऱ्या आठवड्यातच. बन्सीभाऊ आणि तीन पंच पांढरे कपडे घालून गेले होते. मॅनेजर साहेबांनी त्यांना बसा म्हटले, पाणी मागवले आणि म्हणाले, "धार्मिक संस्थेचा विषय आहे, विशेष बाब म्हणून करून देतो." म्हणजे करता येत होते. मला पाच खेपा सांगितले ते खोटे होते. सिस्टिम घेते, सिस्टिम घेते असे सांगत होते. सिस्टिमला चार पांढरे सदरे दिसले आणि तिने सोडून दिले.

मी म्हणालो, "आणि सरांचे सात हजार तीनशे?"

बन्सीभाऊंनी माझा दंड धरला. बाहेर येऊन म्हणाले, "आपलं मिळालं ना? आता लई ताणू नगं. तुझ्याबद्दल मी मंडळीत सांगंन, पोरगा खरा बोलतो."

त्यांनी सांगितले. पुढच्या रविवारी, उभे राहून सांगितले. मी त्यांचे आभार मानतो. मंडळीचे पाच हजार मी इमारत निधीला द्यायला सांगितले. दगडाला मी ते लावणार नाही. जे पैसे माझ्यावर दया म्हणून आले ते त्या कबरीवर नकोत.

मग गेल्या सोमवारी शुभांगी मॅडमचा फोन आला, की साहेबांनी तुमचेही प्रकरण मिटवायचे ठरवले आहे, या. मी नवा शर्ट घालून गेलो. तीन हजार सहाशे पन्नास परत देणार होते, अर्धे. त्याच्यासोबत एक कागद होता, या वेळी मराठीत होता. मी तो उभ्याने पूर्ण वाचला. शुल्क नियमाप्रमाणे लागले होते, ते माझ्या निष्काळजीपणामुळे लागले, बँकेने सहानुभूतीने अर्धी रक्कम परत केली, आणि माझी काही तक्रार नाही व पुढे राहणार नाही. खाली सहीला जागा.

शुभांगी मॅडम हळूच म्हणाल्या, "दादा, करून टाका. इथं कोणाला एवढंही मिळत नाही."

मी म्हणालो, विचार करतो.

घरी आईने विचार करू दिला नाही. "सही करायला काय हात झडतोय का तुझा? दिसभर दुसऱ्याची नावं कोरतोस, एकदा तुझं लिव्ह."

आणि त्याच संध्याकाळी आपले कार्ड आले. जुलैपासूनच्या चार पत्रांना आलेले पहिले उत्तर. पाळकसाहेबांनी आपल्याला फोनवर सगळे सांगितले असणार. आपण लिहिता, "अर्धे मिळत असतील तर घे, सही कर व विषय संपव. बाकीच्या रकमेचा मी आग्रह धरत नाही."

सर, मी कार्ड पुन्हा पुन्हा वाचले. त्यात मला वाटले होते ते वाक्य कुठेच नव्हते. आपण पंचांना जे लिहिले त्याबद्दल एक अक्षर नाही. आपण मला बाकीची रक्कम माफ केली आहे. मी ती घेतली असती तर माफ करणे बरोबर होते. मी ती घेतलेली नाही. घेतली बँकेने, आणि आपण माफ केले मला. आणि वर सांगता की सही कर, की चूक माझी होती.

आपणच एकदा, नववीत, शाळेची काच कोणी फोडली ते कबूल होईपर्यंत सगळ्या वर्गाला उन्हात उभे केले होते. कोणीतरी नुसती सुटका व्हावी म्हणून माझे नाव सांगितले. आपण त्याला म्हणालात, सुटकेसाठी सांगितलेले खरे नसते. त्यानंतर थोड्याच दिवसांनी वडिलांच्या छातीत दगडाची धूळ भरली आणि माझी शाळा सुटली. त्यामुळे तो माझा आपल्याकडे शिकलेला जवळजवळ शेवटचा धडा आहे. तो मी बदलणार नाही. पुस्तक बदलले असेल तर मला माहीत नाही.

मी सही करत नाही.

रॉबिन


११ जानेवारी २०२६

आदरणीय सर,

सलाम.

मरियमबाईंचा दगड काल उभा केला. काळाच आहे, पांढरी रेघ मागे आहे. आपण निवडलेले वचन पूर्ण आहे. वय मी बरोबर लिहिले आहे, वाढवलेले नाही.

पाळकसाहेब उद्या सभेसाठी पुण्याला येत आहेत. त्यांच्याजवळ आपल्यासाठी पाकीट दिले आहे. त्यात बावीस हजार रुपये आहेत. पूर्ण.

चौदा हजार सातशे ते कपाटातलेच आहेत, त्याच नोटा. बाकीचे सात हजार तीनशे माझ्या कामाचे. नाताळानंतर मी खर्ड्याला गेलो होतो. तिथे एका सभामंडपाच्या देणगीदारांच्या संगमरवरी पाट्या कोरायच्या होत्या. किल्ल्याकडच्या बाजूला एका शेडमध्ये राहिलो. तिथे एक गंमत झाली. एका देणगीदाराने येऊन नावाआधी 'समाजभूषण' घालायला सांगितले. तासाभराने दुसरा आला, तो म्हणाला, "त्याच्याआधी काय घातलंय? मग माझ्याआधी दोन घाल." अक्षरामागे पैसे असल्याने मी कोणालाही विरोध केला नाही. आपल्या रकमेतली तूट तिथल्या मोठेपणाने भरून निघाली असे समजा.

दगडाचे पैसे वेगळे आहेत. ते दुकानदाराला होळीपर्यंत देतो असे सांगितले आहे. तो थांबला आहे. त्याने कोणता कागद पुढे केला नाही.

आपण विचाराल, पैसे परत का. सांगतो.

आपले बावीस हजार आपल्याकडे पोहोचले की बँकेने खाल्लेले सात हजार तीनशे आपले राहत नाहीत. ते माझे होतात. मग ते अर्ध्यावर मिटवायचे की नाही हे मी ठरवीन. आपल्याला माफ करायला काही उरणार नाही. मी वरच्या कार्यालयाला तक्रार लिहिली आहे. त्यांनी नंबर दिला आहे. अजून उत्तर नाही. पुन्हा लिहीन. ते खाते मी बंद केलेले नाही आणि त्यांचे पैसे भरून बंद करणार नाही. त्यांना वाटते, हा पाट्या खरडणारा कंटाळेल. मी दगडावर काम करतो, मला सावकाश जायची सवय आहे.

आणि दगड माझ्याकडून आहे. आपण नाही म्हणू नये. मरियमबाई माझ्या दुकानात बसायच्या, ते बसणे माझ्याकडे आहे, त्याचा हिशेब आपल्याशी नाही.

पाकिटासोबत एक कागद आहे. 'रॉबिन दानीएल वाघमारे यांच्याकडून रुपये बावीस हजार पूर्ण मिळाले' एवढेच त्यावर लिहिले आहे. पैसे मोजून घ्या आणि मग त्यावर सही करा. तो कागद मला पंचांसमोर ठेवायचा आहे. बन्सीभाऊंनी मी खरा आहे असे सांगितले ते त्यांच्या डोळ्यांनी पाहिले म्हणून. मला आपली सही पाहिजे.

वर्षाची प्रार्थना पुढच्या रविवारी, अठरा तारखेला, उपासनेनंतर कबरस्तानातच आहे. यावे. माझ्याशी बोलायलाच पाहिजे असे नाही.

रॉबिन


१५ जानेवारी २०२६

आदरणीय सर,

सलाम.

पोस्टाने हे वेळेत पोहोचणार नाही, म्हणून पाळकसाहेबांच्या मोबाईलवर फोटो काढून आपल्या मुलाकडे पाठवतो आहे. त्यांना सांगा, मोठे करून दाखवा.

आपली सही मिळाली. कागद आईला दाखवला. तिने चष्मा लावून पाहिला आणि म्हणाली, "सरांचा हात कापायला लागला की रं." मला ते आधी दिसले नव्हते.

'पंचांना लिहिले ते मागे घेतो' ही सहीच्या खाली आपण लिहिलेली ओळही वाचली. आपण पंचांना स्वतंत्र पत्र लिहिणार असाल तर लिहा, पण प्रार्थनेच्या दिवशी ते वाचू नये असे मी पाळकसाहेबांना सांगितले आहे. तो दिवस मरियमबाईंचा आहे.

आपण विचारले आहे की रविवारी मुक्काम केला तर सोमवारी बँक किती वाजता उघडते. दहाला उघडते, पण साहेब अकराच्या आधी येत नाहीत. मुक्काम आमच्याकडेच करावा, आईने गादी उन्हात टाकली आहे. चपाती मऊ करते, आपल्या दातांचे पाळकसाहेबांनी सांगितले.

पेन घरून आणा. तिथले दोरीने बांधलेले असते आणि चालत नाही. रांगेत मी उभा राहीन, आपण खुर्चीवर बसा. काउंटरवर आपल्याला विचारतील, "आजोबा, खातं तर यांचं आहे. तुमचा काय संबंध?" मला तिथे कोणीही काही विचारले तर मी उत्तर देतो, आता सवय झाली आहे. याचे उत्तर मी देणार नाही. ते आपण द्या.

रॉबिन